आधी उसवा, नाव नंतर सांगा: पहिली ते तिसरीच्या वर्गात कापडाचं विज्ञान

कापडाचा पाठ बहुतेक वर्गांत एकाच पद्धतीनं होतो. चार चिंध्या चिकटवलेला तक्ता भिंतीवर लागतो, बाई एकेका चिंधीवर पट्टी ठेवतात, मुलं सुरात ‘सुती, रेशमी, लोकरी, नायलॉन’ म्हणतात आणि वहीत उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना अंगातला टेरिकॉटचा, म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचा, शर्ट कशाचा आहे विचारलं की ‘सुती’ असं उत्तर येतं. मुलांनी कापड पाहिलेलं असतं, हाताळलेलं नसतं.

ज्या शाळांत प्रयोग करून घेतले जातात तिथं वेगळी अडचण येते. पुस्तकात लिहिलंय सुती कापड पाणी शोषतं, आणि वर्गात सुती चिंधीवर थेंब मण्यासारखा उभा राहतो. ‘लोकरीचा’ म्हणून आणलेला तुकडा लोकरीसारखा वागतच नाही. मग बाई ‘असं व्हायला हवं होतं’ असं सांगून पुढं जातात, आणि मुलं त्यातून एकच गोष्ट शिकतात: डोळ्यांना दिसलं ते खोटं, पुस्तकातलं खरं. विज्ञानाच्या तासाला याहून मोठं नुकसान नाही.

जवळजवळ प्रत्येक वेळी गडबड प्रयोगाच्या आधीच झालेली असते: चिंध्या धुतलेल्या नसतात, त्या नेमक्या कशाच्या आहेत हे तपासलेलं नसतं, किंवा टप्प्यांचा क्रम उलटा असतो. म्हणून या लेखात तयारीवर बराच भर आहे. हिशोब ३० ते ३५ मुलांच्या वर्गाचा धरला आहे, पाच-पाच मुलांचे गट, ४० मिनिटांच्या सहा तासिका, दोन आठवड्यांत पसरलेल्या. एकाच दिवशी ‘कापड दिन’ करून सगळं उरकू नका. ओल्या आणि कोरड्या प्रयोगांची सरमिसळ होते आणि मुलांच्या लक्षात फक्त धमाल राहते.

कधी घ्यायचं

इंदूरमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. इंदूरच्या दक्षिणेकडच्या निमाडात कापसाची वेचणी चालू असते, त्यामुळे देठासकट बोंडं मिळतात. हवा कोरडी असते, पण एप्रिलसारखी भाजणारी नसते. घराघरांत स्वेटर आणि गोधड्या बाहेर निघालेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवण्याचा प्रयोग शाळा सुटेपर्यंत संपत नाही, आणि एप्रिलमध्ये मुलं दुसऱ्यांदा हात लावायला जाईपर्यंत सगळंच वाळून गेलेलं असतं.

टप्पा १: चिंध्या जमवणं

नव्या कापडापेक्षा जुने कपडे बरे. शिंप्याकडे कातरणं फुकट मिळतात, शीतलामाता बाजार किंवा क्लॉथ मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानदाराकडे तुकडे मिळतात, पण ती चिंधी कशाची आहे हे तिथं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. ‘कॉटनच आहे’ म्हणून हातात दिलेला तुकडा अर्धा पॉलिएस्टर निघतो. घरातल्या जुन्या वस्तूंचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

एवढं जमवा:

- जुनं धोतर, पंचा किंवा वापरून मऊ झालेली सुती साडी
- टेरिकॉटचा जुना शर्ट, शक्यतो गणवेशाचा
- अंगाला चिकटणारी पातळ पॉलिएस्टर साडी किंवा ओढणी
- सुती बनियन किंवा टी-शर्ट, म्हणजे होजिअरी
- खरी लोकर
- जुनी, विरलेली महेश्वरी साडी
- मोडक्या छत्रीचं कापड

शक्य तिथं पांढरे नाहीतर फिकट तुकडे निवडा. गडद कापडावर ओल नीट दिसत नाही, आणि उन्हात गडद रंग जास्त तापतो, त्यामुळे वाळवताना तुलना बिघडते.

सावधान: ‘लोकर’ म्हणून मिळणारी बहुतेक लोकर लोकर नसते. विणकामासाठी दुकानात मिळणारे रंगीत गुंडे आणि शाळेचे स्वेटर बहुधा ॲक्रेलिकचे असतात. ॲक्रेलिक दिसायला लोकरीसारखं, पण ते कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. खऱ्या लोकरीसाठी घोंगडी, जुनं कांबळं किंवा पश्मिना-काश्मिरी जातीची फाटकी शाल शोधा. घोंगडीचा तुकडा सर्वांत उत्तम, कारण तिचे केस डोळ्यांना दिसतात आणि हाताला टोचतात. ‘सिल्क’ म्हणून आलेल्या कातरणांनाही हाच नियम लावा.

या टप्प्यावर मुलांना घरून चिंध्या आणायला सांगू नका. कुणी कोरं ब्लाउजपीस घेऊन येतं, कुणाच्या घरी द्यायला काही नसतं. त्यांची पाळी शेवटी येईल.

टप्पा २: तुकडा कशाचा हे तपासणं (फक्त मोठ्यांनी, घरी)

हे काम वर्गात करायचं नाही. मुलांसमोर प्रात्यक्षिक म्हणूनही नाही. सहा वर्षांचं मूल काडी पेटवण्याची नक्कल घरी जाऊन करतं, आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्वचेला चिकटून खोल भाजतं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर खिडकी उघडी ठेवून, पंखा बंद करून बसा. स्टीलच्या ताटात थोडं पाणी घ्या. कापडातून बोटभर दोरे काढून त्यांचा झुपका चिमट्यात धरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. सिंथेटिक ओढणी अंगावरून काढून ठेवा, केस बांधा.

- सुती: चटकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास, मऊ करडी राख. बोटानं चोळली तर पीठ होते.
- लोकर आणि रेशीम: केस जळल्याचा वास. ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझतं. उरलेला काळा गोळा चिरडला तर भुगा होतो.
- पॉलिएस्टर: ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तो बोटानं फुटत नाही.
- ॲक्रेलिक: भराभर पेटतं, वितळून ठिबकतं, उग्र वास, वेडावाकडा कडक काळा गोळा.
- टेरिकॉट: कागदाचा वास येतो, राख पडते, पण राखेत कडक कण हाताला लागतात.

लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनणारं रेयॉनही सुतीसारखंच जळतं, त्यामुळे या चाचणीत दोघांमधला फरक कळत नाही. लहान मुलांच्या संचात रेयॉन नकोच.

आडवे आणि उभे दोरे वेगवेगळे जाळून पाहा. महेश्वरीत हे केल्याशिवाय राहू नका. तिच्यात सहसा उभा ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा असतो, आणि पुढं टप्पा ५ मध्ये आपल्याला तेच हवं आहे. दोन्हीकडून कागदाचा वास आला तर साडी पूर्ण सुती आहे, मणी झाला तर नक्कल आहे. दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

प्रत्येक तपासलेल्या कापडाच्या पिशवीवर आकडा टाका, नाव लिहू नका. आकड्यांची यादी तुमच्या वहीत राहू द्या.

टप्पा ३: धुणं आणि फाडणं

सगळ्यात जास्त वगळला जातो तो हा टप्पा, आणि थेंब उभा राहण्याचं कारणही हाच. नव्या कापडावर कांजी असते, शिवाय मऊपणा आणि चकाकीसाठी दिलेले थर असतात. नवाकोरा टॉवेल अंग नीट पुसत नाही, दोन-चार धुण्यांनंतर पुसायला लागतो, ते याचमुळे. जुन्या कपड्यांवरही कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा थर असू शकतो.

सगळे तुकडे कोमट पाण्यात साध्या धुण्याच्या पावडरीनं धुवा. लोकर आणि महेश्वरी गार पाण्यात, हलक्या हातानं, न पिळता. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, कारण साबण उरला तर पाण्याचा प्रयोग पुन्हा बिघडतो. शेवटच्या पाण्यात मऊपणाचा द्रव, कांजी, नीळ यातलं काही घालू नका. इस्त्री केलीत तर स्टार्चचा फवारा नको.

वाळल्यावर तुकडे करा. प्रत्येक गटाला प्रत्येक कापडाचे १० सेंमी × १० सेंमीचे तीन चौकोन लागतील. विणीचं, म्हणजे उभ्या-आडव्या दोऱ्यांचं, सुती कापड कात्रीनं पूर्ण कापण्याऐवजी काठाला छोटी चीर देऊन दुकानदार फाडतो तसं फाडा. ते दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटतं आणि मुलांना कडेचा दोरा सहज सापडतो. कात्रीनं तिरकं कापलेल्या चौकोनातून दोरा निघत नाही, तुटतो. होजिअरी आणि घोंगडी मात्र कात्रीनंच कापावी लागेल.

इंटरलॉक केलेली कड, शिवण, साडीचा काठ आणि नागमोडी कात्रीनं कापलेली बाजू आधी काढून टाका. या सगळ्या गोष्टी दोरा निघू नये म्हणूनच केलेल्या असतात.

तपासा: प्रत्येक कापडाच्या एका चौकोनावर घरीच पाण्याचा थेंब टाका. सुतीत तो पाहता पाहता जिरला पाहिजे. नाही जिरला तर सगळी सुती चिंधी पुन्हा धुवा. हे शाळेत जाऊन कळलं तर उपयोग नाही.

टप्पा ४: पहिली तासिका, डोळे मिटून

प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी द्या, आत सहा-सात चौकोन. मूल हात घालतं, एक तुकडा धरतं आणि बाहेर न काढता त्याबद्दल एक शब्द सांगतं. तो शब्द तुम्ही फळ्यावर जसाच्या तसा लिहायचा. आपल्याकडची मुलं मराठीत ‘टोचतंय’, हिंदीत ‘चिकना’ आणि इंग्रजीत ‘सॉफ्ट’ एका दमात म्हणतात. दुरुस्त करत बसू नका, सगळं फळ्यावर येऊ द्या. शब्दांवर अडवलं की अर्धी मुलं गप्प होतात आणि मग तासभर दोन हुशार मुलंच बोलतात.

नंतर तुकडे बाहेर काढून मुलांना हवे तसे गट करू द्या. कुणी रंगावरून करेल, कुणी जाडीवरून, कुणी ‘आजीचं’ आणि ‘माझं’ असे करेल. चालेल. ‘अजून कसे करता येतील?’ एवढंच विचारा. या तासिकेत कापडाचं एकही नाव तुमच्या तोंडून येता कामा नये. एकदा नाव कळलं की मूल तुकड्याकडे पाहणं थांबवतं आणि आठवायला लागतं.

ज्या मुलांना लोकरीनं खाज सुटते त्यांना घोंगडीचा तुकडा पिशवीत नको, ताटलीत ठेवून बोटाच्या टोकानं स्पर्श करू द्या.

टप्पा ५: उसवणं

पुस्तकं कापसाच्या शेतापासून सुरू करून शेवटी कापडापर्यंत येतात. लहान मुलांसाठी मी उलटा क्रम धरते. मूल कापडात वाढतं, शेत त्यानं पाहिलेलं असेलच असं नाही. त्यामुळे कापडातून दोरा, दोऱ्यातून तंतू, आणि मग तो तंतू कुठून आला, असं मागं मागं जायचं.

लागणारं सामान: भिंग, दातकोरणीच्या काड्या, काळा कागद. सुई किंवा टाचणी नको, काडीनं काम भागतं.

१. आधी धोतराचा चौकोन. काळ्या कागदावर ठेवा, भिंगातून पाहू द्या, मग कडेचा एक दोरा काडीनं सैल करून ओढू द्या. पाच-सहा दोरे निघाले की कडेला झालर दिसते. आता शेजारच्या बाजूनं ओढा. इथं ‘दोरे कोणत्या कोणत्या बाजूंनी निघतात?’ हा एकच प्रश्न. उभा आणि आडवा मुलांनी आपणहून सांगितला की मग ताणा-बाणा हे शब्द द्या.

२. नंतर महेश्वरी. घाई करू नका, इथं पूर्ण दहा मिनिटं जाऊ द्या. एका बाजूचा दोरा चमकतो, बोटांवरून घसरतो. दुसऱ्या बाजूचा मळकट पांढरा, थोडा फुसफुशीत. दोन्ही दोरे काळ्या कागदावर शेजारी ठेवले की मुलं स्वतः ओरडतात की एकाच कापडात दोन जाती आहेत. ज्यांच्या घरी कपाटात महेश्वरी साड्या आहेत अशी मुलं या वर्गात हमखास असतात, आणि घरी जाऊन आईच्या साडीची झालर निरखून पाहतात. निरखायचं, ओढायचं नाही, हे मात्र सुट्टीच्या आधी स्पष्ट सांगा.

३. शेवटी बनियनचा तुकडा. यातून सरळ दोरा निघतच नाही. भिंगातून पाहिलं तर एकात एक अडकलेले फासे दिसतात. आता ताणून पाहू द्या. फासे लांबतात म्हणून बनियन डोक्यातून सहज जातं.

सावधान: ताणण्याची चाचणी कापड सरळ धरून करायची, दोऱ्याच्या दिशेनं. मुलं दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढतात आणि धोतरही बनियनसारखंच ताणतं. तिरकं ओढलं की कुठलंही विणीचं कापड ताणतं, कारण ताण्या-बाण्याचे चौकोन तिरके होतात. कुणी हे शोधून काढलं तर रागावू नका. आधी सरळ, मग तिरकं, असं सगळ्यांकडून करून घ्या.

ज्या कापडाबद्दल मूल स्वतः दोन गोष्टी सांगू शकतं, त्या कापडाचं नाव आता सांगायला हरकत नाही.

टप्पा ६: तंतू आणि पीळ

सुती दोऱ्याचा पीळ उलटा फिरवून सोडला की त्याचे बारीक तंतू वेगळे होतात. ते साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचे. मुलांचा साहजिक प्रश्न असतो, एवढ्याशा तंतूंचा एवढा लांब दोरा कसा? उत्तर सांगू नका, बोंड हातात द्या.

बोंडं खरगोन-सनावदकडे जाणाऱ्या कुणाकडून तरी मागवा. प्रत्येक गटाला एक. वाळलेल्या बोंडाची टोकं टोकदार असतात, ती आधी कात्रीनं बोथट करा. पिकावर औषधं फवारलेली असू शकतात, म्हणून काम झाल्यावर सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. सरकी तोंडात घालायची नाही. बोंडं नाहीच मिळाली तर औषधाच्या दुकानातला कापूस चालतो, पण त्याचा दोरा कच्चा होतो.

आता दोन मुलांची जोडी. सरकी काढा, कापूस बोटांनी पिंजून सैल करा. पहिलं मूल कापूस धरतं, दुसरं चिमटीत टोक धरून हळूहळू ओढतं आणि त्याच वेळी एकाच दिशेनं पीळ देतं. एकदा पीळ न देता ओढायला लावा: कापूस सुटून हातात येतो. मग पीळ देऊन ओढायला लावा आणि त्या दोऱ्याला एक हलका चमचा अडकवा. पीळ घट्ट असेल तर चमचा लोंबकळतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा दोरा तुटतो, त्यामुळे या कामाला पूर्ण तासिका ठेवा.

ज्यांच्या घरी आजी समईच्या वाती वळतात, कापसाची गेजवस्त्रं करतात, त्या मुलांची बोटं इथं लगेच चालतात. शक्य असेल तर अशा एखाद्या आजींना या तासिकेला बोलवा. त्यांनी भाषण करायचं नाही, प्रत्येक गटाजवळ बसून वात वळून दाखवायची.

याच तासिकेत दोन मिनिटांचा एक प्रयोग जोडून घ्या. दोन वाट्यांत पाणी, एकीत बोंडातला कापूस, दुसरीत औषधाच्या दुकानातला. बोंडातला तरंगत राहतो, दुसरा काही सेकंदांत भिजून बुडतो. कच्च्या कापसावर मेणासारखा पातळ नैसर्गिक थर असतो, औषधी कापसाचा तो काढून टाकलेला असतो. कापूस पाणी शोषतो असं सरसकट शिकवलेल्या मुलांना इथं धक्का बसतो, आणि पुढच्या टप्प्यासाठी तो उपयोगी आहे.

पॉलिएस्टरचा तंतू कुठून आला याला शेत दाखवता येत नाही. पाण्याची पारदर्शक प्लास्टिक बाटली दाखवा. ती आणि पॉलिएस्टरचा धागा एकाच पदार्थाचे आहेत. दोन्ही शेजारी ठेवले की पुरे.

टप्पा ७: पाणी, ‘पोतेरं कशाचं करावं?’

नुसता थेंब टाकून थांबू नका. काही पातळ पॉलिएस्टर कापडांवर थेंब झरझर पसरतो आणि मुलं म्हणतात ‘हे पण शोषतं’. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पाणी दोऱ्यांमधल्या फटींतून पळालेलं असतं, तंतूच्या आत फारसं गेलेलं नसतं. तो फरक दिसावा म्हणून टिपून पाहायचं.

१. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मोजमापाच्या टोपणानं ५ मिली पाणी ताटलीत ओता.
२. आधी अंदाज: कोणतं फडकं जास्त टिपेल? प्रत्येकानं वहीत खूण करायची. प्रयोगानंतर अंदाज खोडायचा नाही.
३. चौकोन चार पदरी घडी करून पाण्यावर ठेवा, सगळ्यांनी मिळून दहा आकडे मोजा, उचला. दाबायचं नाही, फिरवायचं नाही.
४. ताटलीत उरलेलं पाणी परत टोपणात ओतून मोजा.

धोतर, टेरिकॉट, पॉलिएस्टर आणि छत्री, या क्रमानं घ्या. घोंगडी आणि जाड टॉवेल या स्पर्धेत नकोत. जाड कापड जाड असल्यामुळेच जास्त पाणी धरतं आणि मुलं त्याचं श्रेय सुताला देतात. टॉवेल दाखवायचाच असेल तर शेवटी, वेगळा.

तपासा: दोन गटांचे आकडे फार वेगळे आले तर कारण बहुधा घडीत किंवा मोजणीच्या वेगात असतं. ‘कुणाचं चुकलं?’ असं न विचारता ‘दोघांनी काय वेगळं केलं?’ असं विचारा आणि पुन्हा करायला लावा. तुकडा तेवढाच, पाणी तेवढंच, वेळ तेवढीच, हे मुलांना इथंच कळतं.

टप्पा ८: वाळवणं

सगळे चौकोन पूर्ण भिजवा. पिळायचे नाहीत, कारण पाच मुलं पाच जोरांनी पिळतात. एका कोपऱ्यानं उचलून थेंब थांबेपर्यंत धरा आणि व्हरांड्यात सावलीत दोरीवर चिमट्यांनी लावा. दर १५ मिनिटांनी कोरडा कागदी रुमाल दाबून पाहायचा, कागद ओला झाला की वहीत निळा ठिपका, नाही झाला की पिवळा. पाठ दुसराच चालू ठेवा आणि प्रत्येक वेळी एका गटालाच बाहेर पाठवा.

टप्पा ९: बर्फ आणि स्वेटर

‘स्वेटर गरम असतो’ ही समजूत इतकी पक्की असते की नुसतं सांगून जात नाही. म्हणून या प्रयोगाला स्वतंत्र तासिका द्या.

एकाच साच्यातले सारख्या आकाराचे बर्फाचे खडे थर्मासमधून आणा. प्रत्येक खडा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, म्हणजे कापड ओलं होणार नाही. ओलं झालं तर प्रयोगाचा अर्थच बदलतो. चार खडे घ्या: एक उघडा, एक धोतराच्या एका पदरात, एक घोंगडीच्या तुकड्यात, एक गोधडीच्या तुकड्यात. स्टीलच्या ताटात ठेवू नका, स्टीलमधून उष्णता पटकन पोचते. वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा. पंखा बंद.

आता विचारा, कोणता आधी विरघळेल? जवळजवळ सगळा वर्ग घोंगडीकडे बोट दाखवतो, ‘ती गरम असते ना’. हात वर करायला लावून मतं फळ्यावर मोजा.

मग थांबायचं. मुलं दर मिनिटाला उघडून पाहतात आणि तिथं प्रयोग फसतो. नियम सोपा ठेवा: उघडा खडा पूर्ण विरघळला की चारही पुड्या एकदम उघडायच्या. त्या वेळात चित्र काढून घ्या, गोष्ट सांगा. पुड्या उघडल्या की घोंगडीत आणि गोधडीत बर्फ उरलेला दिसतो, धोतराच्या पदरात त्याहून कमी.

स्पष्टीकरण घाईनं देऊ नका. ‘घोंगडी गरम करते तर बर्फ का उरला?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना भांडू द्या. कुणीतरी म्हणतंच की तिनं बाहेरची ऊब आत येऊ दिली नाही. मग तिथून पुढं: थंडीत ती आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

तिसरीच्या मुलांबरोबर एक पाऊल पुढं जा. धोतराचा एकच पदर हरला, ते सुती म्हणून की पातळ म्हणून? गोधडीही जुन्या सुती साड्यांचीच तर आहे. धोतराच्या घड्या घोंगडीइतक्या जाड करून प्रयोग पुन्हा केला की दोघांतला फरक बराच कमी होतो. घड्यांमध्ये अडकलेली हवा अडसर बनते, हे तेव्हा सांगा. पहिलीच्या मुलांना ही पायरी नको.

टप्पा १०: नमुन्यांची वही

आता मुलांना घरून एकेक चिंधी आणू द्या, आणि ती कशाची असेल हे उसवून, टिपून, ताणून ठरवू द्या. टेरिकॉटवर वाद होतीलच. ‘दोन्हीसारखं वागतं’ हे उत्तर बरोबर माना, कारण त्यात सुती आणि पॉलिएस्टर दोन्ही असतात.

वहीच्या एका पानावर एक चिंधी, खाली तीन ओळी: हाताला कसं लागलं, उसवल्यावर काय दिसलं, पाण्यात काय झालं. नाव सगळ्यात शेवटी.

चिंधीच्या फक्त वरच्या कडेला डिंक लावा, बाकीची मोकळी लोंबू द्या. वर चिकटपट्टी मारणं, प्लास्टिकचं आवरण घालणं, लॅमिनेट करणं टाळा. प्रदर्शनासाठी ते छान दिसतं, पण कापडाला हात लागत नाही आणि आपण पुन्हा भिंतीवरच्या तक्त्यापाशी येतो. स्टेपलरची पिनही नको, ती मागच्या बाजूनं बोटाला लागते. मळलेल्या, झालर सुटलेल्या चिंध्या बदलता याव्यात म्हणून आकडे टाकलेल्या पिशव्यांमध्ये थोडे जादा चौकोन पुढच्या वर्षासाठी ठेवून द्या, आणि ठेवण्यापूर्वी सगळे पुरते वाळले आहेत ना, ते पाहा.